भुयाराकडे जाणारा बारा फुटी रस्ता

जमिनीच्या वर काय आहे याविषयी माणसामाणसांत कायम मतभेद असतात. जमिनीच्या खाली काय आहे याविषयी मात्र सगळ्यांची खात्री असते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ही खात्री सरासरीपेक्षा अंमळ जास्तच आहे. इथल्या प्रत्येक गावात एक भुयार आहे, ते देवळामागून निघतं आणि थेट शिवनेरीवर जातं. भुयारात पाच हातांपलीकडे कोणी गेलेलं नाही (वटवाघळं). पण एकदा आत एक मेंढी सोडली होती आणि ती तिसऱ्या दिवशी गडावर चरताना सापडली, हे प्रत्येक गावाला पक्कं ठाऊक आहे. मेंढी कोणी ओळखली, हे विचारायची पद्धत नाही. ही सगळी भुयारं खरी धरली तर गडाच्या पोटात एक दगड शिल्लक राहू नये. पण गड अजून जागेवर आहे, यावरून आपल्या पूर्वजांचं बांधकाम किती भक्कम होतं हे सिद्ध होतं.

भोरखडी बुद्रुक हे गाव या दोन तालुक्यांच्या अगदी शिवेवर आहे. (भोरखडी खुर्द कुठे आहे, याचा शोध चालू आहे.) गावाच्या सरपंच सुप्रियाताई. वय एकतीस, शिक्षण बारावी आणि वर एक टायपिंगची परीक्षा. त्या राहतात धनगरवस्तीवर, बिरोबाच्या देवळापाशी. गावापासून वस्ती नऊशे मीटर. आता नऊशे मीटर म्हणजे काय मोठं अंतर नाही, कोणी म्हणेल. असं म्हणणाऱ्याने पावसाळ्यात एकदा जाऊन यावं आणि मग चिखलात राहिलेली चप्पल आणायला परत जावं.

गाव आणि वस्ती यांच्यामध्ये एक पाणंद आहे. पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी सरकारी वाट. गावच्या नकाशात ती दोन तुटक रेघांनी दाखवलेली असून रुंदी बारा फूट आहे. प्रत्यक्षात तिच्या डाव्या अंगाला हौशीरामआबांचा ऊस आहे आणि उजव्या अंगाला त्यांच्या थोरल्या भावजयीचा, कुशाबाईंचा. दोघंही सज्जन. दोघांनी पाणंद कधीही अडवली नाही. फक्त दर नांगरटीला औताचं एकच तास, म्हणजे नांगराची एकच ओळ, पुढं घेतलं. असं करता करता बारा फुटांची वाट दीड फुटावर आली. आता दोन मेंढ्या शेजारी शेजारी चालल्या तर एकीला उसातून चालावं लागतं.

या वाटेवर गेल्या जुलैत सुप्रियाच्या सासूबाई, सुंदराबाई, घसरून पडल्या. चौघांनी घोंगडीची झोळी करून त्यांना गावापर्यंत आणलं, आणि झोळीत पडल्या पडल्याच त्यांनी जाहीर केलं, "आता दारात गाडी आल्याबिगर म्या उंबरा वलांडायची न्हाई." हाड जुळलं, पण बाई शब्दाला जागल्या. पुढे फेब्रुवारीत त्यांची लेक अंजना कळंबला सासरीच बाळंत झाली, कारण "वस्तीवर गाडी जात न्हाई, तिथं सून धाडायची न्हाई" असं तिच्या सासूचं म्हणणं पडलं. तान्हं पोर चिखलातून आजोळी न्यायलाही त्या बाईंनी साफ नकार दिला. सात महिने झाले. नातू बसायला लागला, त्याला दोन दात आले, आणि सुंदराबाईंनी तो आजवर पाहिला तो उंबऱ्याच्या आत उभं राहून, फोनवर, तेही रेंज असेल तेव्हा. रोज सकाळी त्या सुनेला विचारायच्या, "आला का गं रस्ता?" दूधगाडीची चौकशी करावी तसं. सुप्रिया "न्हाई अजून" म्हणून कामाला लागायची. सरपंच असून घरातल्या म्हातारीला नातू दाखवता येत नाही, याची तिला मनापासून लाज वाटायची.

तिने प्रयत्नांत कसूर केली, असं कोणी म्हणू शकणार नाही. मोजणी दोनदा आणली. हद्दीचे दगड दोनदा लावले. (भोरखडीच्या दगडांना पहाटे फिरायला जायची सवय आहे, परतताना ते नेमकी जागा विसरतात.) विषय ग्रामसभेपुढे अकरा वेळा ठेवला. ग्रामसभेला शंभर माणसं लागतात, ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला माणसं लागतच नाहीत. या सोयीमुळे भोरखडीत सगळ्या सभा तहकूबच असतात, आणि शिपाई, आदेश नावाचा कॉम्प्युटर ऑपरेटर व स्वतः सरपंच मिळून त्या मोठ्या उत्साहात पार पाडतात. रस्त्याचा ठराव अकराही वेळा तिघांच्या टाळ्यांत मंजूर झाला.

राहता राहिली दोघांची संमती. हौशीरामआबा म्हणायचे, "रस्त्याला आपली ना न्हाई, सरपंच. फकस्त वयनींनी आधी द्यावा. थोरल्या हायेत, त्यांचा मान पयला." कुशाबाई म्हणायच्या, "भावजींनी आधी द्यावा. कर्ता माणूस हाय त्यो घरातला." दीर-भावजयीतला हा आदर एकोणीस वर्षं टिकून आहे. आजकाल असं कुठे पाहायला मिळतं?

इथे संस्कृतीची ओळख करून द्यायला हवी. ही हौशीरामआबांची नात आणि सुप्रियाची शाळेपासूनची ओळखीची. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरी बसून करते, म्हणजे दिवसभर कानाला यंत्र लावून "माझा आवाज येतोय का" असं विचारते. रविवारी ती आणि तिचे मित्रमैत्रिणी एक खेळ खेळतात. या खेळात सोंगट्या कमी आणि बोलणं जास्त. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, मांत्रिक आणि चोर होतात. आठ तोंडांचे, वीस तोंडांचे फासे टाकतात, न दिसणाऱ्या भुयारात न दिसणाऱ्या राक्षसांशी तीन-तीन तास झुंजतात आणि शेवटी न मिळालेल्या खजिन्याच्या वाटणीवरून खरोखर भांडतात. (हा खेळ परदेशातून आला असं म्हणतात. भोरखडीला हे पटत नाही.)

आता दर रविवारी नवं भुयार आणायचं कुठून? म्हणून संस्कृतीने एक प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं की भुयार तयार: खोल्या, बोळ, जिने, सापळे, कुलपं, आत राहणारे जीव, सगळं नकाशासकट. पुन्हा दाबलं की पुन्हा नवं. आधीचे जे प्रोग्राम होते ते परके राक्षस घालायचे, ते तिच्या मंडळींना कळायचे नाहीत. म्हणून तिने वेताळ, ब्रह्मराक्षस आणि बिबटे घातले. भुयार मराठीतून तयार करणारं हे साधन आहे, आणि ते मागितलं कोणीच नव्हतं, हे विशेष.

पुढचं जे काही झालं त्याला एक छपाईयंत्र कारणीभूत आहे. संस्कृतीच्या घरच्या प्रिंटरची शाई संपली म्हणून तिने एक नकाशा पंचायतीच्या ऑफिसात छापायला पाठवला. तिथे आदेशने पूर्वी एकदा अशी व्यवस्था केली होती की निघणाऱ्या प्रत्येक कागदाच्या डोक्यावर 'ग्रामपंचायत भोरखडी बुद्रुक' आणि खाली जावक क्रमांक आपोआप उमटावा. ही व्यवस्था कशी केली हे तो विसरला, त्यामुळे ती काढता येत नाही. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेचा नमुनाही जावक क्रमांक ८८ ने गेलेला आहे. शिवाय ऑफिसचा दंडक असा की छापलेला कागद दहा मिनिटांत कोणी नेला नाही तर तो सूचना फलकावर लावायचा. संस्कृतीला यायला पाऊण तास लागला.

जावक क्रमांक ११७ चा तो कागद असा होता: भुयार, स्तर एक. खोली १, प्रवेश, पायऱ्या चौदा. खोली २, पाण्याचं टाकं, पाणी पिण्यायोग्य नाही. खोली ३, सांगाडा, हातात कंदील. खोली ४, बिबट्या मादी, बछडी दोन. खोली ५, रिकामी (संशय घ्यावा). खोली ६, भिंतीतून भाले येतात. खोली ७, लोखंडी पेटी, कुलपं तीन, किल्ली खोली ९ मधल्या वेताळाकडे. आणि असंच अकरापर्यंत.

खोली ४ मध्ये बिबट्या नसता तर कदाचित लोकांनी विश्वास ठेवला नसता. पण आमच्या भागात बिबट्या म्हणजे काय कल्पनेतलं जनावर नव्हे. तो उसात असतो, विहिरीत असतो, परवा तर शाळेच्या संडासात होता. सरकारी कागदावर पहिल्यांदाच खरी माहिती छापून आली, असं लोकांचं मत पडलं. दुपारपर्यंत फलकापुढे एवढी गर्दी झाली की एकाने सवयीने रेशनची पिशवी आणली.

हौशीरामआबा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभ्या हयातीत त्यांनी लोकांची जमीन इंचा-इंचाने मोजून दिली. त्यांनी चष्मा पुसला, कागद खालून वर वाचला आणि निकाल दिला, "नंबर हाय. तारीख हाय. कागद बरुबर हाय."

"आबा, ह्यो तुमच्या नातीचा खेळ हाय," सुप्रिया म्हणाली. "असलं कायबी भुयार नाय आपल्याकडं."

गर्दीने एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. जे काही थोडे लोक अजून साशंक होते त्यांचीही आता खात्री पटली. सरपंच स्वतः येऊन नाही म्हणते, म्हणजे आत काहीतरी दडलंय.

आबांनी नकाशा गावच्या नकाशावर ठेवला तर सातवी खोली त्यांच्याच उसाखाली आली. कुशाबाई पुढे झाल्या, त्यांनी तोच कागद पाव वळसा फिरवला आणि सातवी खोली त्यांच्या उसाखाली आली. नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नव्हती, त्यामुळे तो चारही बाजूंनी तितकाच खरा ठरला. मग काय विचारता? चार दिवसांत ऑफिसात एकसष्ट अर्ज आले. खोली २ च्या टाक्यावर मोटर बसवायची परवानगी मागणारे नऊ. खोली ३ मधला सांगाडा आपल्या पणजोबांचा असून वारस म्हणून आपली नोंद व्हावी असे चार (पणजोबा वेगवेगळे, सांगाडा एकच). खोली ४ मधल्या मादीने आपली शेळी नेल्याची तक्रार करणारे सतरा. खोली ५ रिकामी आहे तर ती बचत गटाला बैठकीसाठी मिळावी, असा एक अर्ज. हा सर्वांत समंजस. वेताळ गावचा रहिवासी नसल्याने त्याच्याकडून किल्ली काढून घ्यावी, असा एक. बाकीचे सगळे खोली ७ साठी. भुयार आहे का, असं विचारणारा अर्ज एकही नव्हता.

घाबरून गेली ती संस्कृती. "ताई, मी लॅपटॉप घेऊन येते, सगळ्यांना दाखवते. बटण दाबलं की दुसरं येतं, हे बघितल्यावर तरी पटेल की नाही?"

तिने चावडीत सगळ्यांदेखत बटण दाबलं. दुसरं भुयार आलं. पुन्हा दाबलं. तिसरं आलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. "आरं तिच्या, किती भुयारं हायेत राव गावाखाली!" आणि सातवी खोली दर वेळी जागा बदलते हे लक्षात येताच प्रत्येकाने बटणावर आपला हक्क सांगितला. सुप्रियाला नाइलाजाने नियम करावा लागला: एका खातेदाराला एक बटण, ओळखपत्र सोबत आणावं, दाबलेलं बटण परत मिळणार नाही. असे दोनशे बारा नकाशे निघाले. घरोघरी ते प्लास्टिकात घालून देव्हाऱ्याशेजारी लागले.

पण दोनशे बारांपैकी खरा कोणता? हा पेच हौशीरामआबांनीच सोडवला. कागदावर 'स्तर' असा शब्द होता. म्हणजे हे सगळे नकाशे खरे, फक्त एकाखाली एक. एका स्तराला आठ फूट धरले तर सगळ्यांत खालचा स्तर सोळाशे शहाण्णव फुटांवर. (गावातल्या बोअरला नऊशे फुटांवरही पाणी लागत नाही, ते का, याचाही उलगडा झाला. मध्ये सगळ्या खोल्याच आहेत.) आता प्रत्येकाच्या नावावर एक स्तर झाला, प्रत्येकाला एक पेटी आणि तीन कुलपं मिळाली आणि गावात कधी नव्हे तो सलोखा पसरला. कुणाच्या बोळाला कुणाच्या खोलीखालून वाट हवी असेल तर लोक हसतमुखाने देत होते. कुशाबाईंनी आपल्या शेताखालून पंधरा फूट रुंदीची वाट दिली. ते ऐकून आबांनी वीस फूट दिली. जमिनीखाली इतकं मोठं मन असणारी माणसं सुप्रियाने जन्मात पाहिली नव्हती. तिला हसावं की डोकं आपटावं कळेना. नऊशे मीटर लांब आणि बारा फूट रुंद, एवढंच तर ती तीन वर्षं मागत होती, फक्त वरच्या बाजूने.

सर्व स्तरांना दार मात्र एकच लागणार होतं. दाराला अर्धा गुंठा खणावा लागतो, आणि खाली वीस फूट देणाऱ्यांपैकी वर अर्धा गुंठा द्यायला कोणी तयार होईना. एकाच्या शेतात कांदा होता, दुसऱ्याच्यात डाळिंब, तिसऱ्याच्या बायकोला विचारायचं होतं. "बिरोबाम्होरं गायरान पडलंय की मोकळं," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पाहणी समिती निघाली. समितीत आबा होते, कुशाबाई होत्या, आणि मागून एक जेसीबी होता. पाणंदीच्या तोंडाशी जेसीबी थांबला, कारण पुढे पाणंदच नव्हती. समिती पायी गेली. शंभर पावलांवर आबांचा एक बूट चिखलाने घेतला.

आबा लाल झाले. "ह्यो रस्ता हाय का? भुयाराला जायाला नीट रस्ता न्हाई आन् पंचायत झोपा काढतीया! सरपंच, लाज वाटाय पायजे!"

"वाटती आबा," सुप्रिया म्हणाली. "तीन वरसं झाली वाटती."

दुसऱ्या दिवशी सभा बोलावली. चारशे बारा माणसं आली. मांडववाल्याकडून खुर्च्या आणल्या, तरी पोरं झाडावर बसली. सुप्रिया बोलायला उभी राहिली, पण सभा सुरू होताच आबांच्या बाजूच्या मंडळींनी नवीच सूचना मांडली: वस्तीवर जायचा खटाटोप कशाला, दार शाळेच्या मैदानातच करावं. रस्ता आयताच आहे, शिवाय मधल्या सुट्टीत पोरं लक्ष ठेवतील. माना डोलायला लागल्या. हातातोंडाशी आलेला रस्ता निसटायला लागला. सुप्रियाच्या डोळ्यांपुढे उंबऱ्याच्या आत फोन उंच धरून उभी असलेली सासू आली.

तिने संस्कृतीला पुढे बोलावलं. "संस्कृती, तुझ्या यंत्रात पेटी कुठं येती, ते सांग सगळ्यांना. खरं तेच सांग."

"पेटी नेहमी दारापासून सगळ्यांत लांब येते," संस्कृती म्हणाली. "मीच तसं लिहिलंय. दारातच खजिना सापडला तर खेळायला मजा नाही ना येत."

"म्हंजी दार शाळेपाशी केलं तर?"

"तर पेटी गावाच्या दुसऱ्या टोकाला जाईल. म्हणजे तुमच्या वस्तीखाली."

चारशे बारा माना एकदम वस्तीच्या दिशेला वळल्या.

"आमची काय ना न्हाई," सुप्रिया शांतपणे म्हणाली. "करा शाळेपाशी दार. खाली कायबी न्हाई, ते म्या पयल्या दिसापासनं सांगतीये. पण आमच्या मेंढ्यांखाली दोनशे बारा पेट्या ठेवायच्या म्हणता, तर ठेवा. पडूंद्या."

"न्हाई न्हाई न्हाई," आबा इतक्या घाईने उठले की खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. "दार वस्तीवरच पायजे. देवाच्या म्होरं हाय, पवित्र जागा हाय ती."

ठराव एकमताने मंजूर झाला. सुप्रियाने तो स्वतः लिहून मोठ्याने वाचून दाखवला: 'भुयार अस्तित्वात नसून तो एक खेळ आहे. सबब सदर भुयाराकडे जाण्यासाठी बारा फुटी पाणंद तातडीने मोकळी करण्यात यावी.' पहिलं वाक्य वाचताना लोक आपापसांत बोलत होते, दुसऱ्याला टाळ्या पडल्या. खाली चारशे बारा सह्या आणि अंगठे आहेत.

तरी मुख्य अडचण उरलीच. सकाळी पाणंदीवर मधली दोरी लावली, डाव्या अंगाला आबा कुदळ घेऊन उभे, उजव्या अंगाला कुशाबाई. "वयनी, मान तुमचा," आबा म्हणाले. "न्हाई भावजी, तुमी कर्ते," कुशाबाई म्हणाल्या. दहा मिनिटं झाली. जेसीबीवाल्याला अकरा वाजता अवसरीत दुसरं काम होतं, तो हॉर्न वाजवायला लागला. एकोणीस वर्षांचा आदर काही ढळेना.

"बरं मग असं करू," सुप्रिया म्हणाली. "खाली काय न्हाई. पण उतरायचं असंल तर ज्यानं आधी रस्ता दिला त्यानं आधी उतरायचं."

दोन्ही कुदळी एकदमच पडल्या. पंच म्हणून उभा असलेला आदेश आजही शपथेवर सांगतो की कोणाची आधी पडली ते त्याला दिसलं नाही. आबांनी तर जोशात सहाऐवजी सात फूट उसाची ओळ काढली, आणि ते कुणीही त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

पुढचे नऊ दिवस भोरखडीने जे काम केलं ते पाहायला हवं होतं. माणूस जमिनीवरून चालण्यासाठी इतका राबत नाही. जमिनीखाली जायचं म्हटलं की त्याच्या अंगात काय येतं कोण जाणे. बायकांनी दगड वेचले, पोरांनी उसाची खोडं उपटली, सुप्रियाचा नवरा दादाभाऊ आपली पिकअप दिवसभर पळवत होता. ती गाडी घेतल्यापासून गावात लोकांच्या दारात उभी असायची. वस्तीपर्यंत ती पहिल्यांदाच आली तेव्हा वस्तीवरच्या कुत्र्यांनी तिला ओळखलं नाही. बिरोबासमोर खणायला सुरुवात झाली. चार फूट लालबुंद मुरूम निघाला. एवढा मुरूम टाकायचा कुठे? सुप्रियाने रस्त्याकडे बोट दाखवलं. नऊशे मीटर मुरूम पसरला, पाणी मारलं, रोलर फिरला.

पाचव्या फुटाला काळा कातळ लागला.

जेसीबी बंद झाला. सुप्रियाने नव्या रस्त्याकडे पाहिलं. आता हे चिडणार, आणि रागाच्या भरात रस्ता परत नांगरून टाकणार. हौशीरामआबा खड्ड्यात उतरले, काठीने कातळ ठोकला, कान लावला. मग वर आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं.

"छत लागलं," ते म्हणाले.

एकच जल्लोष झाला. छत लागलं म्हणजे खाली खोली आहे, यात आता शंका उरली नव्हती. सुरुंग लावायचं कोणीतरी सुचवलं, पण विचारांती ते मागे पडलं. छत फोडलं की पेट्या उघडणार, पेट्या उघडल्या की भाऊबंद वाटणीला येणार. त्यापेक्षा आहे तिथे कुलपात बरं आहे. तेव्हापासून स्थळं पाहतानाही मंडळी सांगतात, दोन एकर बागायत, आणि खाली एक खोली.

कातळ लागला त्याच दिवशी दुपारी सुंदराबाईंच्या दारात रिक्षा आली. सुंदराबाईंनी नवं लुगडं नेसलं, कपाळाला भंडारा लावला, उंबरा ओलांडला आणि एका हाताने रिक्षाची दांडी धरून थांबल्या.

"सुप्रिया, खरं सांग. खाली हाय का गं काय?"

"काय नाय, आत्या."

"तेच म्हन्ते. असतं तर ह्यांनी गपचूप खांदलं असतं की. सगळ्या गावाला बोलवून कोण खांदतं?"

रिक्षा नऊशे मीटर एकदाही न अडकता गेली. कळंबला अंजनाने पोर आजीच्या मांडीवर ठेवलं. त्याने आधी आजीला नीट न्याहाळलं आणि मग तिच्या नथीला हात घालून जोरात ओढली. सुंदराबाई कळवळल्या आणि हसल्या आणि रडल्या, सगळं एकदम. सुप्रियाने मात्र आधीच रडून घेतलं होतं, येताना, रस्त्यावर, कारण गाडीला एकही गचका बसला नाही आणि तिला ते सहन झालं नाही.

वरील हकिकत वाचून आपण गालातल्या गालात हसला असाल. शिकल्यासवरल्या माणसाला खेड्यातल्या भोळेपणाचं हसू येतं, ते योग्यच आहे. तरीपण एक नम्रपणे विचारावंसं वाटतं. कातळ लागला आणि लोक तिथेच थांबले, हे वाचल्यावर आपल्याही मनात क्षणभर आलं की नाही, की राव, आणखी चारच फूट खणून बघायला काय हरकत होती? आलं असेल तर लाजू नये. भोरखडी ग्रामपंचायतीला त्याची पूर्ण कल्पना आहे. वस्तीच्या पलीकडे दरेवस्ती आहे, तिथवरचा दीड किलोमीटर रस्ता अजून व्हायचा आहे, आणि भुयाराचं दुसरं दार सोयीने तिकडेच धरलेलं आहे. काम येत्या सोमवारी सकाळी आठला सुरू होईल. फावडं आणि घमेलं ज्याचं त्याने आणावं.